नेहमीचं टेबल

मास्तर शनिवारी सकाळी येणार आणि रविवारी संध्याकाळी परत जाणार असं फोनवर ठरलं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या मी हे शहर पाठ करायला घेतलं.

पाठ करायची वेळ आली, कारण बदली होऊन इथं आल्याला वर्ष होत आलं तरी मला या शहरातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. घरापासून विमा कंपनीचं ऑफिस, ऑफिसपासून घर आणि वाटेत एक पाववाला, एवढाच माझा भूगोल. तो पाववालाही मला माझ्या नावानं ओळखत नाही. पहिल्या दिवशी मी जरा कमी भाजलेला पाव मागितला होता, तेव्हापासून तो मला 'कमी भाजलेले' म्हणतो. "या, कमी भाजलेले," असं रांगेतल्या सगळ्यांच्या देखत म्हणतो. जन्मभर दाव्यांच्या फायली तपासून माणूस जे नाव कमावतो, त्याचं बदलीच्या गावी असं होतं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मास्तरला तर मुळीच नाही. त्याला मी फोनवर वेगळंच सांगत आलो होतो. "अरे, खाणं म्हणजे काय खाणं इथलं. बार तर गल्लीगल्लीत. आणि तासाभरावर द्राक्षांचे मळे, तिथं वायनरी. तू ये तर खरा." हे सगळं मी ऑफिसात येणाऱ्या पेपरच्या रविवारच्या पुरवणीतून वाचून सांगत होतो. फसवायचा हेतू नव्हता. पण नव्या ठिकाणी आपला जम बसलेला नाही हे कबूल करणं आमच्यासारख्या माणसाला फार जड जातं. बीपी वाढलंय हे सांगता येतं, बढती हुकली हेही सांगता येतं. पण इथं मला कोणी ओळखत नाही, हे वाक्य काही केल्या घशाबाहेर पडत नाही.

आता मास्तर. मास्तर आणि मी शाळेत एका बाकावर होतो. पुढे तो शाळेतच राहिला, म्हणजे भूगोल शिकवायला लागला आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिला. दोन वर्षांमागे त्याची बायको गेली. तेव्हापासून त्या घरात तो एकटा, आणि एकटा म्हणजे इतका, की रेडिओसुद्धा बातम्या संपल्या की बंद करतो. ते घर सोडून दुसरीकडे जाऊन राहायचं त्यानं मनावर घेतलं होतं. एक तर भाचीच्या शहरात. तिनं तिच्या घराजवळ दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. नाही तर आमच्या शहरात. "आधी येऊन बघतो रे," तो म्हणाला होता, "मग ठरवतो." भाची गुणी मुलगी आहे, माझ्या मांडीवर खेळलेली आहे, पण त्या फोननंतर ती मला आवडेनाशी झाली.

मला मास्तर इथं हवा होता. हे सरळच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा गाढवपणा त्यातून झाला. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ज्याच्याबरोबर एक शब्दही न बोलता लांबवर चालत जाता येतं, असं माणूस या वयात नव्यानं मिळत नाही. ते जुनंच आणावं लागतं.

आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर एक निवृत्त सर्व्हेअर राहतात. त्यांना मी मनातल्या मनात 'वरचे' म्हणतो. वरच्यांकडे सल्ला मागावा लागत नाही. जिन्यात पाऊल वाजलं की ते दार उघडतात. त्यांच्या सल्ल्यानं मी आधी गीझर बदलला होता आणि मग शोधून शोधून पहिल्यासारखाच गीझर पुन्हा आणून बसवला होता. तरी मी सुधारलो नाही.

"मित्र येतायत," मी म्हटलं. "त्यांना शहर दाखवायचंय. खाणंपिणं, एखादा बार, एखादी वायनरी."

"शहर दाखवायचं नसतं," वरचे म्हणाले. "शहर आपल्याला ओळखतं, हे दाखवायचं असतं. पाहुण्यांना घेऊन हॉटेलात शिरलात आणि वेटरनं 'नेहमीचंच ना, साहेब?' असं विचारलं, की काम झालं. मग जेवण कसं का असेना."

"पण मला इथला एकही वेटर ओळखत नाही."

"म्हणून तर तालीम करायची," वरचे म्हणाले, आणि चपला घालायला आत गेले.

अशी आमची तालीम सुरू झाली. बायकोला मी ऑफिसात ऑडिट आहे म्हणून सांगितलं. तिला खरं सांगितलं असतं तर तिनं चार शब्दांत सगळा बेत मोडीत काढला असता, आणि ते चार शब्द बरोबर असणार याची मला खात्री होती. ऑफिस सुटलं की मी कोपऱ्यावर उभा राहायचो, वरचे इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, आणि आम्ही चौकातल्या एका बऱ्यापैकी हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसायचो. वरचे स्वतःसाठी दोन-दोन पदार्थ मागवायचे. तालमीला पोटभर खावं लागतं, नाही तर वेटरच्या लक्षात राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

तिथला वेटर उंच, मिशाळ आणि कुठल्याशा दुःखात असल्यासारखा दिसणारा होता. मी त्याला बाजूला घेऊन माझी अडचण सांगितली, थोडं बक्षीसही हातावर ठेवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नेहमीचं म्हणजे नक्की काय, साहेब?"

याचा मी विचारच केला नव्हता. माणसाचं नेहमीचं हे आपोआप ठरत असतं. बसून ठरवायचं म्हटलं की काही सुचत नाही. मी वरण-भातावर वाढलेला माणूस, मला हॉटेलातलं काय आवडतं हे मलाच माहीत नव्हतं. शेवटी वेटरनं सांगितलं की भाजलेला मासा लवकर मिळतो आणि टेबलावर दिसतोही चांगला. त्यामुळे मासा हे माझं नेहमीचं ठरलं. आता, मासा मला लहानपणापासून सोसत नाही. पहिल्या तालमीला घशात काटा अडकला आणि वरच्यांनी माझ्या पाठीत गुद्दे घातले. पण मोठ्या कामात एवढं चालायचंच म्हणून मी ताटातला मासा संपवला.

त्याच रस्त्यावरच्या एका बारमध्येही असंच. तिथला मालक समजूतदार निघाला. त्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "चष्मा, टक्कल, निळा शर्ट. बास, माझ्या माणसांना सांगून ठेवतो." मला टक्कल आहे हे एवढं उघड कोणी बोललं नव्हतं. पण मी ते गिळलं.

राहिली वायनरी. मी समजत होतो, गाडी ठरवायची आणि जायचं. तसं नसतं. पर्यटन कार्यालयातून आधी परवानगी काढावी लागते. तिथल्या खिडकीतल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही इथले की बाहेरचे?"

"तसा बाहेरचा. पण राहतो इथं."

"मग इथले. रहिवासी दाखला द्या."

रहिवासी दाखल्यासाठी मी आल्या आल्याच अर्ज केला होता. पण त्याला माझ्या नावावरचं विजेचं बिल लागतं, आणि विजेचं बिल माझ्या नावावर करायला रहिवासी दाखला लागतो. हे बाईंना समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग बाहेरचे म्हणून नोंदवते. हॉटेलात उतरल्याची पावती द्या."

"हॉटेलात कसा उतरेन? माझं घर आहे इथं."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही इथलेही नाही आणि बाहेरचेही नाही," त्या म्हणाल्या. मला आतून हे वर्षभर जाणवत होतंच, पण सरकारी खिडकीतून कोणी मान्य केल्याचं पहिल्यांदाच ऐकलं.

मी तोंड पाडून घरी आलो तर वरचे जिन्यात उभेच होते. "सोपं आहे," ते म्हणाले. "अभ्यासगट म्हणून नाव घाला. अभ्यासगटाला कोणी दाखला विचारत नाही." मी दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीवर 'द्राक्ष लागवड अभ्यासगट' असं सांगितलं, अध्यक्ष म्हणून स्वतःचं नाव दिलं, आणि बाईंनी हसत हसत शिक्का मारून दिला. सरकारी कचेरीत बाई हसली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

शनिवारी मास्तर आला. मी आणि बायको स्टेशनावर घ्यायला गेलो होतो. बरोबर वकील होता. वकील हा आमच्यातला तिसरा. कोर्टात त्याला फारसं बोलू देत नसावेत, कारण कोर्टाबाहेर तो थांबत नाही. मास्तर वाळला होता. कोट खांद्यावरून उतरला होता. पण स्टेशनाबाहेर पाऊल टाकल्या टाकल्या त्याचे डोळे जुन्यासारखे भिरभिरायला लागले.

"हा रस्ता कुठं जातो रे?" त्यानं डावीकडे बोट दाखवलं.

"तिकडे काही नाही," मी म्हटलं. तिकडे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

मास्तरचं हे जुनं वेड आहे. नव्या गावात गेला की तो नाकासमोर चालत सुटतो, वाट चुकतो, कुठंतरी भलत्याच ठिकाणी काहीतरी खातो आणि ते आयुष्यभर लक्षात ठेवतो. हे मला माहीत होतं. हे माहीत असून मी त्याला बोट धरून फिरवावं तसं माझ्या ठरलेल्या रस्त्यानं नेलं. वाटेत एक बोळ लागला. आत एका टपरीवजा जागेपाशी पाच-सहा माणसं उभ्यानंच काहीतरी खात होती, तव्यावरून धूर निघत होता, आणि वास असा, की वकीलसुद्धा बोलायचा थांबला. मास्तर तर बोळात शिरलाच होता. "इथं काय मिळतं बघू या ना," तो म्हणाला.

"इथं नको," मी त्याची बाही ओढली. "आपलं टेबल वाट बघतंय."

बायको माझ्याकडे बघायला लागली. आपलं कुठलं टेबल, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

हॉटेलाच्या दारात तो मिशाळ वेटर हात जोडून उभा होता. मी त्याला एक वाक्य शिकवलं होतं. पण त्या माणसाच्या अंगात कुणी बडा नट दडून बसला असावा, कारण त्यानं मला पाहताच चेहरा असा काही उजळवला की मलाच आपण त्याचे दूरचे मामा वगैरे आहोत की काय असं वाटलं.

"साहेब, किती उशीर? काल तुमच्या टेबलावर कोणाला बसू दिलं नाही मी." मग मास्तरकडे वळून, "रोज येतात साहेब. ऑफिस सुटलं की आधी इथं, मग घरी. सगळ्या स्टाफला नावानिशी ओळखतात. नेहमीचंच ना, साहेब?"

मी स्टाफपैकी एकालाही नावानं ओळखत नव्हतो. मान तेवढी हलवली. थोड्या वेळानं माझ्यापुढे एक लांबलचक मासा येऊन पडला.

"तुम्हाला मासा आवडतो?" बायकोनं विचारलं. अगदी हळू, शांतपणे विचारलं.

इथं एक सांगायला हवं. माझ्या बायकोला मासे जीव की प्राण. पण लग्न झाल्यावर मी सांगितलं, मला वाससुद्धा सहन होत नाही. तेव्हापासून तिनं घरात मासा शिजवला नाही, आणि या गोष्टीचा कधी उल्लेखही केला नाही. आता तिच्या समोर बसून, चवीचवीनं, सवयीनं खाणाऱ्या माणसासारखा, मला तो अख्खा मासा खाऊन दाखवायचा होता. वकील म्हणाला, "वहिनी, साक्षीदार स्वतःहून बोलतोय, आपण फक्त ऐकून घ्यायचं." बायको ऐकून घेत होती.

मास्तर मात्र खूश दिसत होता. निदान मला तरी तसं वाटलं. "छान आहे रे," तो म्हणाला. "तुझं इथं अगदी घर झालंय." आणि मग त्यानं आपल्या ताटातली भाजी काट्यानं इकडून तिकडे केली. मी तेव्हा विजयात होतो, त्यामुळे भाजीकडे माझं लक्ष गेलं नाही.

संध्याकाळी बार. मालक नेमका कुणाच्या तरी साखरपुड्याला गेला होता आणि गल्ल्यामागे एक नवा माणूस होता. चष्मा, टक्कल आणि निळा शर्ट एवढं त्याला सांगून ठेवलेलं होतं. आता दैवाची गंमत अशी की वकिलालाही चष्मा आहे, टक्कल तर माझ्याहून प्रशस्त आहे, आणि त्या दिवशी तो निळ्या शर्टात होता. मी बायकोनं हट्टानं काढून दिलेला पांढरा घालून गेलो होतो.

"या साहेब," नवा माणूस वकिलाला म्हणाला. "नेहमीचंच ना?"

वकील आयुष्यात या शहरात पहिल्यांदा आलेला. पण वकील तो वकील. "नेहमीचंच," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी राखून ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसला. त्याला मिठाचा काठ लावलेला पेला आला, सोबत भाजलेले दाणे आले, मागे टेकायला उशी आली.

एवढ्यावर सोडून द्यायला हवं होतं. पण मी नवख्या माणसाकडे गेलो आणि आवाज खाली ठेवून म्हटलं, "तुमची गल्लत होतेय. नेहमीचा मी आहे."

"नाही साहेब," तो म्हणाला. "तुम्हाला मी आज पहिल्यांदाच बघतोय."

"अहो, पण मी नेहमी येतो."

"नेहमीचे ते बसलेत, साहेब. तुम्ही नवे दिसताय, पण बसा ना, जागा आहे."

मी भांडलो. काय सांगू, सज्जन माणसानं भांडू नये तसा भांडलो. मी इथलं नेहमीचं गिऱ्हाईक आहे हे सिद्ध करायला मी पुरावे देत होतो, आणि आजूबाजूचे लोक पेले खाली ठेवून ऐकत होते. मास्तरही ऐकत होता. बिंग फुटायला अर्धं वाक्य पुरलं असतं. ते फुटलं असतं तर फार बरं झालं असतं, हे आता कळतंय. पण तेवढ्यात साखरपुडा आटोपून मालक आला, त्यानं कपाळाला हात लावला, सगळ्या स्टाफकडून माझी माफी मागवली आणि एक फेरी आपल्यातर्फे दिली. बारभर सगळे माझ्याकडे आदरानं बघायला लागले. मास्तरनं माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे, इथं तर तुझं राज्य आहे," तो म्हणाला. मी लाजून हसलो, आणि त्या हसण्याची आता मला लाज वाटते.

रविवारी सकाळी चहा टाकताना बायकोनं विचारलं, "ऑडिट संपलं?"

मी सगळं सांगून टाकलं. वरचे, तालीम, मासा, सगळं. तिनं गॅस बारीक केला. "मी इथं संध्याकाळी खिडकीशी ताट घेऊन एकटी जेवत होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही त्या वरच्यांबरोबर मासे खात होतात. मला नेलं असतंत तर मीही नेहमीची झाले असते."

ती रडली असती किंवा चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं कप मोजून मांडले आणि म्हणाली, "आता मास्तरांना सांगा. ते तुमच्यासाठी आलेत, हॉटेल बघायला नाही."

"सांगतो," मी म्हटलं. "वायनरीत निवांत बसलो की सांगतो."

वायनरीत निवांतपणा नव्हता. फाटकाशी एक तरुण फळबाग अधिकारी हातात लांब काठी घेऊन आमच्या स्वागताला उभा होता. त्याच्या नोकरीत आजवर एकही अभ्यासगट आला नव्हता, आम्ही पहिलेच. आनंदानं त्याचा आवाज कापत होता. त्यानं आम्हा चौघांना रबरी बूट घालायला लावले आणि थेट मळ्यात नेलं. वेलीवर पडणारी बुरशी, ती कशी ओळखावी, ती पानाच्या कोणत्या बाजूनं सुरू होते, पाण्याचा निचरा, मुळांची खोली, असं तो बोलत राहिला. मातीत बूट रुतत होते. वकिलाचा एक बूट चिखलातच राहिला आणि पाय बाहेर आला. अधिकाऱ्यानं मध्येच विचारलं, "अध्यक्षसाहेबांच्या भागात कोणती बुरशी जास्त?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मिश्र," मी म्हटलं. तो खूप वेळ विचार करत राहिला.

अखेर ऊन चढल्यावर मी विचारलं, "आणि वाइन कधी चाखायची?"

अधिकाऱ्याचा चेहरा पडला. "ती सोय पर्यटकांसाठी आहे, साहेब. अभ्यासगटाला नाही. अभ्यासकांची जीभ साफ राहावी असा नियम आहे." पलीकडे काचेच्या दालनात साधे पर्यटक पेले हलवून, हुंगून, हसत खिदळत वाइन पीत होते. आम्ही गुडघाभर चिखलानिशी काचेच्या अलीकडून ते पाहिलं. आम्हाला पेलाभर पाणी आणि माहितीपत्रक मिळालं.

गंमत म्हणजे त्या दोन दिवसांत मास्तर खराखुरा रमला तो तिथं. त्यानं मातीचं ढेकूळ उचललं, बोटांत कुस्करलं, हुंगलं, अधिकाऱ्याला दोन प्रश्न विचारले. मग तो एका उपड्या क्रेटवर बसला आणि शेजारचा क्रेट त्यानं माझ्याकडे सरकवला. बायको मुद्दाम वकिलाला घेऊन पुढे गेली. तिचं ते लक्षात आलं मला.

"खरं सांग," मास्तर म्हणाला. "तुला इथं कसं वाटतं?"

असा प्रश्न माणसाला आयुष्यात फार वेळा कोणी विचारत नाही. त्यानं विचारला, आणि थांबला. मी तोंड उघडलं होतं. अगदी शब्द जिभेवर होते. तेवढ्यात अधिकारी धावत आला. वायनरीचे व्यवस्थापक आले होते, काचेच्या दालनातले पर्यटकही बाहेर जमले होते, आणि अभ्यासगटाच्या अध्यक्षांनी आभाराचे दोन शब्द बोलावेत अशी त्यांची विनंती होती. एवढी माणसं 'अध्यक्ष' म्हणून वाट बघत असताना खाली बसून आपल्याला कोणी ओळखत नाही असं सांगणं मला जमलं नाही.

"मस्त वाटतं," मी मास्तरला घाईघाईनं म्हटलं. "जीव रमलाय अगदी." आणि बुटांचा पचपच आवाज करत भाषणाला गेलो. भाषण बरं झालं. टाळ्या पडल्या. बायको तेवढा वेळ खाली आपल्या बुटांकडे बघत होती.

संध्याकाळी स्टेशनवर वकील पेपर आणायला गेला. मास्तर गाडीच्या दारात उभा होता, मी खाली फलाटावर.

"बरं वाटलं बघ," तो म्हणाला. "मी फार काळजीत होतो. म्हटलं, या वयात बदली, माणूस एकटा पडला असेल, तोंडानं सांगणार नाही. म्हणून यायचं मनात होतं माझ्या. दोघं मिळून शोधू शहर, हळूहळू. पण तुझं तर सगळं जागच्या जागी आहे. तुझ्या टेबलाला आता मी आणखी एक खुर्ची कशाला लावू?"

"मास्तर, ऐक," मी म्हटलं.

"नाही रे, वाईट वाटून घेऊ नको, मला आनंदच आहे. भाचीकडे जातो. तिलाही बरं वाटेल."

पुढे माझ्या तोंडून काहीतरी निघालं, पण वकील पेपर घेऊन आमच्या मध्ये घुसून गाडीत चढला आणि दारातूनच वेळापत्रकाविरुद्ध बोलायला लागला. तो बोलत असतानाच गाडी हलली. मी हात केला. एखाद्या यजमानानं करावा तसा, ऐटीत केला. दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं करायचा ते मला त्या वेळी सुचलं नाही.

नंतरचे बरेच दिवस मी फोनपर्यंत जायचो आणि परत यायचो. वरच्यांनी जिन्यात गाठून, तुम्ही त्यांना पत्र लिहा, पत्राला वजन असतं, असा सल्ला दिला. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसा म्हणालो. ते खरंच गप्प बसले, आणि त्याचंही मला वाईट वाटलं. शेवटी एका रविवारी बायकोनंच नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

मी मास्तरला सगळं सांगितलं. पुरवणी वाचून मारलेल्या थापा सांगितल्या, वेटरला दिलेलं बक्षीस सांगितलं, मासा सोसत नाही हे सांगितलं. मला इथं एकही माणूस ओळखत नाही, हेही सांगितलं. ते वाक्य निघालं एकदाचं. वाटलं होतं तेवढं मोठंही नव्हतं. मग मास्तर हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याची बायको गेल्यापासून तो असा हसलेला मी ऐकला नव्हता.

"अरे लेका," तो म्हणाला, "त्या बोळात काय मिळतं ते तुलाही माहीत नव्हतं?"

"नाही."

"मग मला आत जाऊ का दिलं नाहीस?"

याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. मी म्हटलं, "तू ये इकडे. आपण दोघं जाऊन बघू."

"मी आलोय रे भाचीकडे," तो म्हणाला. "गेल्याच आठवड्यात. जुनं घर दिलं. सामान लावून झालं. तिनं पडदेसुद्धा शिवून आणलेत, आता तिला काय सांगू?"

"बरं केलंस," मी म्हटलं. आवाज नीट ठेवला. "जागा कशी आहे?"

"चांगली आहे. ऊन येतं."

"आणि खाण्यापिण्याचं कसं आहे तिथं? काही बघितलंस का?"

"नाही अजून. खिडकीतून खाली एक हॉटेल दिसतं. संध्याकाळी गर्दी असते, हसण्याचे आवाज येतात वरपर्यंत. चांगलं असावं." मग तो म्हणाला, "पण एकट्यानं काय जायचं."

मी हो म्हटलं. मग बराच वेळ आम्ही दोघंही फोन धरून बसलो, आणि कोणीच काही बोललं नाही.